पानातली साखर घरीच पाहायची असेल तर

हुरड्याच्या दिवसांत आगटीतून काढलेलं कणीस चोळून खाल्लं की गोडवा जिभेवर रेंगाळतो. तीच ज्वारी खळ्यावर येईपर्यंत पिठूळ होते. तो गोडवा हरवत नाही, दाण्यात त्याचं पिष्ट, म्हणजे स्टार्च होतं. साखर बनते मात्र पानात, आणि तिचा पिष्टाच्या रूपातला साठा आपल्याला बघता येतो.

त्यासाठी कुंडीतली जास्वंद घ्या. ज्वारी-उसाच्या चिवट पानांच्या वाटेला पहिल्यांदाच जाऊ नका.

कुंडी दोन दिवस पूर्ण अंधारात ठेवा. ही पायरी अजिबात गाळू नका. अंधारात पान आपलं जुनं पिष्ट मोडतं, त्यातलं थोडं स्वतः वापरतं, बाकीचं साखर करून मुळांकडे, कळ्यांकडे धाडतं. हा साठा संपला नसेल तर शेवटी सगळंच पान काळं पडतं आणि काहीच कळत नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी भरपूर पाणी घाला, एका पानावर दोन्ही बाजूंनी काळ्या कागदाची पट्टी घट्ट बसवा आणि कुंडी उन्हात ठेवा. आता पान कार्बन डायऑक्साइडचे 6 रेणू आणि पाण्याचे 6 रेणू घेऊन ग्लुकोजचा एक रेणू बनवतं, 6 रेणू ऑक्सिजन बाहेर सोडतं. उन्हाळ्यात दुपारची वाट पाहू नका. आपल्याकडच्या कडक उन्हात पाणी वाचवायला पान रंध्रं, म्हणजे आपली बारीक छिद्रं मिटतं, हवा आत येत नाही, काम मंदावतं. चार-पाच तासांत पान तोडा.

पट्टी काढून पान मिनिटभर उकळत्या पाण्यात बुडवा. मग गॅस बंद करा, कारण स्पिरिट भडकन पेटतं. वाटीत स्पिरिट घेऊन त्यात पान ठेवा आणि वाटी त्या गरम पाण्यात. मुलं असतील तर हे मोठ्यांनीच करावं. हिरवा रंग उतरला की पान कोमट पाण्यात धुवून ताटलीत पसरा आणि पातळ केलेलं टिंक्चर आयोडीन टाका.

आयोडीनने पिष्ट निळं-काळं होतं, म्हणून उन्हातला भाग निळा-काळा होईल, पट्टीखालचा पिवळट-तपकिरी राहील. जर्मन शास्त्रज्ञ युलियस झाक्स यांनी 1860 च्या दशकात पान अर्धं झाकून, आयोडीन वापरूनच हे दाखवलं होतं.

उरलेलं आयोडीन कापसाच्या बोंडावर टाका. सरकीवरचा तो धागाही ग्लुकोजचीच लांब साखळी आहे, पण तिची गुंफण पिष्टापेक्षा वेगळी. म्हणून तिथे निळा रंग येत नाही, नुसता तपकिरी डाग पडतो.