बॅगा भरण्याआधी मताचं बघा

आमच्या घरची दोन्ही पोरं बाहेर आहेत. मुलगा अमेरिकेत डॅलसला एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसावर, मुलगी ब्रिटनमध्ये लेस्टरला. त्यामुळे आमच्या नागपूरच्या प्रतापनगरात कोणी परदेशी निघालं की बर्डीच्या बाजारातून बॅगा घेऊन आधी माझ्याकडे येतं, आणि विचारतं काय, तर लोणचं किती किलो न्यावं! अरे बाप्पा, लोणचं सोडा, मताचं विचारा.

अमेरिकेत लायसन्स काढायला गेलात की मतदार यादीत नाव टाकू का, असं विचारतात. नाही म्हणा. ‘नागरिक आहे’ या चौकटीत चुकून खूण केली तरी पुढे ग्रीन कार्डाला, म्हणजे तिथं कायम राहण्याच्या परवान्याला, भोवते, आणि मत दिलं तर देशाबाहेर काढू शकतात. आमचे चिरंजीव न वाचताच सही करत होते, सुनेनं पेन ओढून घेतला. व्हिसावर असाल तर उमेदवाराला एक डॉलरही देऊ नका. ग्रीन कार्डवाल्याला वर्गणी चालते. कर मात्र सगळ्यांनी भरायचा. आणि ग्रीन कार्डवाला मुलगा १८ ते २५ वर्षांचा असेल, तर लष्करी भरतीच्या यादीत त्याचं नाव असावं लागतं. मताला नाही, लढाईला चालतो!

ब्रिटनचं उलटं. भारत राष्ट्रकुलात आहे, म्हणून आपल्या पासपोर्टवर तिथं राहणाऱ्यालाही थेट संसदेसाठी मत देता येतं. नोंदणीचं पत्र रद्दीत टाकू नका, टाळाटाळ केली तर ८० पौंडांपर्यंत दंड आहे. बूथवर ओळख म्हणून आपला पासपोर्ट चालतो. यादीत नाव असलं आणि पाच वर्षं राहिलात की कोर्टात ज्युरीवर, म्हणजे निकाल ठरवणाऱ्या सामान्य लोकांत, बसायचं बोलावणंही येऊ शकतं.

इथलं मत ठेवायचं असेल तर फॉर्म ६-ए भरा. पासपोर्टवरच्या भारतातल्या पत्त्यावर नाव लागतं. पोस्टानं मत देता येत नाही; खरा पासपोर्ट घेऊन स्वतः बूथवर यावं लागतं. दुसऱ्या देशाचं नागरिकत्व घेतलं की हे मत गेलं, परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांना मिळणाऱ्या ओसीआय कार्डानं ते परत मिळत नाही.

१९ एप्रिल २०२४ ला मी भर उन्हात रांगेत उभी होते, आणि हा डॅलसहून फोनवर कोणाला मत द्यायचं ते सांगत होता. मी म्हटलं, तिथं घराच्या करात शाळेचा कर भरतोस ना? मग त्या शाळेच्या सभेला जाऊन बोल की. अजून गेलेला नाही.