दुकानवार विक्रीचा डेटा कापताना या चुका टाळा

सोलापूरच्या चाटी गल्लीत मुख्य दुकान आणि जिल्ह्यात आणखी सात, असा चादरी-टॉवेलांचा पसारा असलेल्या एका ओळखीच्या व्यापाऱ्यासाठी मी विक्रीच्या अंदाजाचा कोड लिहिला होता. टेस्टवर, म्हणजे परीक्षेसाठी बाजूला ठेवलेल्या डेटावर, निकाल इतका सुरेख आला की त्याच संध्याकाळी फोन करून सांगून टाकलं, आता ऑर्डर डोळे झाकून द्या. आषाढीला पंढरपूरच्या दुकानात एकादशीच्या आधीच टॉवेल संपले आणि करमाळ्यात गठ्ठे तसेच पडून राहिले. मॉडेल ठीकच होतं. डेटा ट्रेन (ज्यावरून मॉडेल शिकतं तो भाग) आणि टेस्टमध्ये कापताना मीच पेपर फोडला होता, आणि फुटलेल्या पेपरवर मार्क भरघोस पडतात.

एकाच दुकानाची विक्री असेल तर कापायला फारसं डोकं लागत नाही. एका तारखेच्या आधीचं ट्रेन, नंतरचं टेस्ट. पण एकाच टेबलात दुकान, माल, आठवडा आणि नग असे रकाने आले की घोळ सुरू होतो. खालच्या बहुतेक चुका मी स्वतः केलेल्या आहेत. कोड पायथनचा, पँडाज (टेबलं हाताळायला) आणि सायकिट-लर्न (मॉडेल शिकवायला) या त्याच्या लायब्ररी धरून.

ओळी मोजून कापणं

सर्वात आधी हातून होते ती ही. टेबलाच्या पहिल्या 80 टक्के ओळी ट्रेन, उरलेल्या टेस्ट. हिशेब मांडून बघा. एकच माल धरला तर 8 दुकानं, प्रत्येकाचे 156 आठवडे, म्हणजे 1248 ओळी. टेबल आधी दुकानाने आणि मग आठवड्याने लावलेलं असतं, कारण बिलिंगच्या सॉफ्टवेअरमधून ते तसंच निघतं. अकारविल्हे लावलं तर क्रम असा: अकलूज, अक्कलकोट, करमाळा, कुर्डुवाडी, पंढरपूर, बार्शी, सांगोला, सोलापूर. पहिल्या 998 ओळी ट्रेनमध्ये गेल्या की टेस्टला 250 उरतात. त्यातल्या 156 ओळी म्हणजे अख्खं सोलापूर आणि 94 ओळी सांगोल्याच्या. मॉडेलने सोलापूरचं दुकान, म्हणजे धंद्याचं मुख्य दुकान, एकदाही पाहिलेलं नाही. उलट बाकी सहा दुकानांचा अगदी कालपर्यंतचा आठवडा त्याला पाठ आहे. कोड कुठेही अडत नाही, लाल अक्षरं येत नाहीत, म्हणून ही चूक महिनोन्‌महिने टिकते.

यावर "मग सायकिट-लर्नचं तयार ट्रेन-टेस्ट-स्प्लिट वापरतो" असं कुणी म्हणेल, तर ते आगीतून फुफाट्यात. ते फंक्शन न सांगता ओळी पिसतं, पत्त्यांसारख्या. पंढरपूरचा आषाढीच्या आधीचा आणि नंतरचा आठवडा ट्रेनमध्ये, मधला टेस्टमध्ये. मधला आकडा सांगायला मॉडेल कशाला हवं, अंगठा पुरतो. पिसणं बंद करता येतं, पण मग ते पुन्हा ओळी मोजूनच कापतं, म्हणजे वरचीच चूक. आणि तिथल्याच ग्रुप-के-फोल्ड या कापायच्या साधनाच्या नावात ग्रुप आहे म्हणून ते उचलू नका. ते काही दुकानं पूर्ण बाजूला ठेवतं. मोडनिंबला नवं दुकान काढलं तर किती खपेल, या प्रश्नाला ते बरोबर आहे. आहे त्याच दुकानात पुढच्या महिन्यात किती खपेल, हा प्रश्न वेगळा.

प्रत्येक दुकानाचे शेवटचे 20 टक्के

ही चूक शहाण्या माणसाकडून होते, म्हणून जास्त वाईट. पँडाजचं ग्रुपबाय लावून दुकानवार गट पाडले, प्रत्येक दुकानाच्या आतल्या ओळींना क्रमांक दिले, पहिले 80 टक्के ट्रेन. दिसायला न्याय्य. आता समजा मंगळवेढ्याचं दुकान नुकतंच निघालंय आणि त्याचे 30 आठवडेच आहेत. त्याचे 24 ट्रेनमध्ये, 6 टेस्टमध्ये. सोलापूरचे 156 पैकी 124 ट्रेनमध्ये, शेवटचे 32 टेस्टमध्ये. तारखा शेजारी ठेवून बघा: मंगळवेढ्याचे ट्रेनमधले सगळेच्या सगळे 24 आठवडे सोलापूरच्या टेस्टच्या काळातले आहेत. सगळ्या दुकानांना मिळून एकच मॉडेल असेल तर त्याने यंदाची दिवाळी मंगळवेढ्यात बघून घेतली आणि सोलापुरात येऊन भविष्य सांगितलं.

उपाय सरळ आहे: कापाची तारीख एकच, सगळ्या दुकानांना तीच. टक्के विसरा. वॉलमार्टच्या विक्रीवर 2020 मध्ये झालेल्या एम-फाइव्ह या अंदाजाच्या स्पर्धेत 10 दुकानं आणि 3,049 वस्तू होत्या, म्हणजे दुकान-वस्तू अशा जोड्यांच्या 30,490 मालिका. आणि अंदाज द्यायचा होता तो सगळ्यांचा त्याच पुढच्या 28 दिवसांचा. काही वस्तू पहिल्यापासून विकल्या जात होत्या, काही खूप उशिरा आल्या, तरी शेवटची तारीख एकच.

मी स्वतःशी एक चित्र ठरवलंय. कापाच्या दिवशी रात्री मुनीमजींनी रोजमेळ मिटला. त्या घडीला ज्या आकड्यावर बोट ठेवता आलं असतं तेवढाच ट्रेनमध्ये जाईल. पुढचे बहुतेक प्रश्न या एका चित्रावर सुटतात.

मंगळवेढ्यासारखं पोरगेलं दुकान कापाच्या आधी दोन-तीन आठवड्यांचंच भरत असेल तर त्याला ओढूनताणून बसवू नका. त्याची चूक वेगळी मोजा, एकूण सरासरीत मिसळू नका.

टाइम-सिरीज-स्प्लिटलाही तारीख कळत नाही

नावावर जाऊ नका. सायकिट-लर्नचं हे साधन ओळींच्या जागा बघतं, तारखेचा रकाना बघतच नाही. दुकानवार लावलेलं टेबल दिलं की पहिल्या चुकीचीच पाच वेळा आवृत्ती निघते, कारण मुळात त्याचे तुकडे पाच. तारखेने लावून दिलं तरी काप एखाद्या आठवड्याच्या मधोमध येतो: अकलूजचा आठवडा ट्रेनमध्ये, बार्शीचा तोच आठवडा टेस्टमध्ये. म्हणून टेबल त्याला द्यायचंच नाही. वेगवेगळे आठवडे काढा, क्रमाने लावा, ती 156 आठवड्यांची यादी त्याला द्या. ते ज्या आठवड्यांच्या जागा परत देईल त्यावरून मूळ टेबलातल्या ओळी निवडा. टेस्टची लांबी आणि ट्रेन-टेस्टमधलं अंतर मग आपोआप आठवड्यांत मोजलं जातं.

शिफ्टने शेजाऱ्याचा माल उचलला

मागच्या आठवड्याची विक्री हा रकाना बनवताना थेट शिफ्ट (रकाना एक ओळ खाली सरकवणारं पँडाजचं फंक्शन) लावलं तर करमाळ्याच्या पहिल्या ओळीत अक्कलकोटचा शेवटचा आठवडा येऊन बसतो. म्हणजे तीन वर्षांपूर्वीच्या ओळीत कालचा आकडा. आधी ग्रुपबाय, मग शिफ्ट. तपासणी दोन मिनिटांची: प्रत्येक दुकानाची पहिली ओळ काढून बघा, त्या रकान्यात ती रिकामीच असली पाहिजे. भरलेली दिसली की समजायचं. आणि ती रिकामी जागा पुढच्या आकड्याने मागे भरत जाणारं बी-फिल वापरून भरू नका, ते तर उघड पुढचं पान उलटून बघणं झालं.

चालती सरासरी काढताना दुसरा खड्डा. चार आठवड्यांच्या सरासरीत चालू आठवडा धरला जातो, म्हणजे उत्तर प्रश्नातच छापलेलं. आधी सरकवा, मग सरासरी. पण किती सरकवायचं? इथे माझी खरी गोची झाली. मी एक आठवडा सरकवला होता. यंत्रमागाच्या कारखानदाराला ऑर्डर मात्र सहा आठवडे आधी द्यावी लागत होती. ऑर्डर देताना, ज्या आठवड्याचा अंदाज हवा त्याच्या मागच्या आठवड्याची नव्हे, त्याच्या सहा आठवड्यांपूर्वीची विक्रीच हातात असते. टेस्टमध्ये मॉडेलला रोज ताजा पेपर वाचायला मिळत होता, दुकानात दीड महिना शिळा. सहा आठवडे पुढचं सांगायचं असेल तर कमीत कमी सहा सरकवा.

सहा आठवडे म्हणजे टेबलातल्या सहा ओळी, असंही समजू नका. बिलिंगमधून आलेल्या टेबलात ज्या आठवड्यात एकही बिल झालं नाही त्याची ओळच नसते. कुर्डुवाडीत जाड चादर मे महिन्यात तीन आठवडे विकली नाही, तर शिफ्ट गुपचूप चार आठवडे मागची ओळ उचलून "मागचा आठवडा" म्हणून देतं. म्हणून आधी दुकान, माल आणि आठवडा यांच्या सगळ्या जोड्यांचा पूर्ण सांगाडा बनवा आणि त्यावर विक्री जोडा. दुकान निघण्याआधीचे आठवडे मात्र त्यात नकोत, नाहीतर मंगळवेढ्याला अडीच वर्षं शून्य विक्री दिसेल. उरलेल्या रिकाम्या जागी शून्य भरायचं का, हे कोडला विचारू नका, दुकानातल्या माणसाला विचारा. गिऱ्हाईक आलं नाही, दुकान बंद होतं आणि माल संपला होता, ही तीन वेगळी शून्यं आहेत. तिसऱ्याला शून्य लिहिलंत तर पुढच्या वर्षीही तिथे माल संपणार.

काप कुठल्या दिवसांवर पडतो

एकच काप घेऊन शेवटचे आठ आठवडे टेस्ट केले आणि ते फेब्रुवारी-मार्चचे निघाले, तर कुठलंही मॉडेल हुशार दिसतं. सोलापुरात निदान तीन काप हवेत: एकाच्या टेस्टमध्ये गड्ड्याची यात्रा, एकात आषाढी, एकात दिवाळी.

गड्ड्याची यात्रा संक्रांतीला धरून, म्हणजे 14-15 जानेवारीच्या आसपास पक्की. तिथे 52 आठवड्यांपूर्वीचा आकडा मस्त चालतो. आषाढी मात्र तिथीवर. 2022 ला 10 जुलै, 2023 ला 29 जून, 2024 ला 17 जुलै, 2025 ला 6 जुलै. दोन आषाढींमधलं अंतर एकदा 354 दिवस, मग 384, पुन्हा 354. मधले 384 झाले ते 2023 च्या अधिक श्रावणामुळे. 52 आठवडे म्हणजे 364 दिवस. 2024 च्या आषाढीसाठी इतके मागे गेलात तर 2023 च्या एकादशीनंतर वीस दिवसांनी पोहोचता, पंढरपुरात वारी केव्हाच पांगलेली.

आठवडा कुठे संपतो यानेही फरक पडतो. पँडाजचा आठवडा मुळात रविवारी संपतो. 2022 आणि 2025 ला एकादशी रविवारी होती, त्यामुळे आधीच्या सहा दिवसांची सगळी गर्दी त्याच आठवड्यात बसली. 2024 ला ती बुधवारी आली आणि गर्दी दोन आठवड्यांत वाटली गेली. मॉडेलला वाटतं वारी ओसरली. आषाढीला किती दिवस उरले हा रकाना घाला. तो पुढचा आहे म्हणून घाबरू नका, पंचांग आधीच छापलेलं असतं, मुनीमजींच्या भिंतीवरही टांगलेलं असतं. त्या दिवसाचं प्रत्यक्ष तापमान घालणं ही मात्र पेपरफुटी. आणि ट्रेनमध्ये 2020, 2021 असतील तर ती दोन वर्षं खूण करून ठेवा; तेव्हा पालख्या एसटीने आल्या होत्या आणि पंढरपूर मोकळं होतं.

बारीकसारीक, पण रडवणारं

दुकानाच्या दोन नावांमुळे एक गट दोन होतो. "कुर्डुवाडी" आणि "कुर्डूवाडी" ही कोडला दोन गावं आहेत, शेवटी एक स्पेस जास्त असलेलं "बार्शी " हेही तिसरं गाव. दुकानांना आकडी कोड द्या आणि सुटा. ज्या बिलावर दुकानाचं नावच नाही ते ग्रुपबाय मुकाट्याने गाळतं. गटांची बेरीज आणि मूळ टेबलाची बेरीज जुळवून बघितल्याशिवाय ते कळत नाही. ट्रेनच्या आणि टेस्टच्या ओळींची बेरीजही मूळ ओळींशी जुळवा, काप करताना "पेक्षा लहान" आणि "पेक्षा मोठा" लिहून कापाचा आठवडाच दोन्हीकडून हरवलेला मी पाहिलाय.

बिलावरची 03/07 ही तारीख 7 मार्च म्हणून वाचली गेली तर आषाढी शिमग्याला जाते. दिवस आधी आहे हे वाचतानाच स्पष्ट सांगा.

दुकानाची सरासरी विक्री रकाना म्हणून द्यायची असेल, किंवा आकडे एका मापात आणायचे असतील, तर ते माप फक्त ट्रेनवरून काढा. आणि डेटा बुधवारी उतरवला असेल तर शेवटचा आठवडा तीन दिवसांचा आहे. तो टेस्टमध्ये राहिला की सगळ्या दुकानांत एकदम मंदी आल्यासारखी दिसते.

पेपर कुठे फुटतोय ते सापडत नसेल तर एक आडदांड तपासणी करा. कापानंतरची सगळी विक्री शंभरपट करा, सगळे रकाने नव्याने बनवा, आणि ट्रेनचं टेबल आधीच्याशी ताडून बघा. एकही आकडा हलता कामा नये. हलला तर ज्या रकान्यात हलला तिथेच भोक आहे. मी हे जुन्या कोडवर करून पाहिलं तेव्हा अकरापैकी चार रकाने हलले. ते बुजवल्यावर टेस्टमधली चूक दुपटीहून वाढली, आणि व्यापाऱ्याला तो आकडा सांगायला मी आठ दिवस टाळाटाळ केली. गेल्या आषाढीला कुठल्या दिवशी किती गेलं, तेवढंच एकादशीपासूनचे दिवस मोजून यंदा लिहिणाऱ्या मुनीमजींच्या वहीपेक्षा माझं मॉडेल तेव्हा जेमतेम बरं होतं.

तीन काप तपासून मॉडेल ठरलं की ते सगळ्या डेटावर, आजच्या तारखेपर्यंत, पुन्हा शिकवायचं असतं. दुसऱ्या वर्षी मी तेच विसरलो आणि दिवाळीची ऑर्डर जुलैत मिटलेल्या वहीवर काढली.