सोमवारी एकटीने विणता यावं म्हणून

शनिवार-रविवारच्या कार्यशाळेत काय विणून होईल, हे नाव नोंदवणारी प्रत्येकजण विचारते. मफलर होईल का? निदान बाळाची टोपी? मी स्पष्ट सांगते, पुरतं काहीच होणार नाही. दोन दिवसांत हाताला सुयांची सवय होईल आणि डोळ्यांना टाका दिसायला लागेल. सोमवारी दुपारी घरी विणत बसल्यावर टाका सुटला, तर सगळं उसवून न टाकता तो आपला आपल्याला उचलता यावा, एवढ्यासाठीच हे दोन दिवस असतात. ग्वाल्हेरात, लष्कर भागातल्या मराठी घरांतून मी विणकाम शिकवते. ज्यांना नव्याने शिकवायचं आहे त्यांनी आधी हा सोमवार डोळ्यांपुढे आणावा आणि मग आखणीला बसावं.

तुळशीचं लग्न आटोपलं की लगेचचे शनिवार-रविवार आमच्याकडे सोयीचे. फराळाची धांदल संपलेली असते, थंडीची चाहूल लागलेली असते, आणि आत्ता हातात घेतलेला मफलर खऱ्या कडाक्याच्या आत गळ्यात पडू शकतो. जानेवारीच्या धुक्यात बोटं आखडतात, नवशिक्यांचे हाल होतात. डिसेंबरात तानसेन समारोहाचे दिवस सोडावेत, गाण्यावर जीव असलेली घरं तेव्हा तिकडेच असतात आणि असावीतच. पुढे ग्वाल्हेरचा व्यापारी मेळा भरतो. तेव्हाचे महाराज माधवराव शिंदे यांनी 1905 साली सुरू केलेला हा मेळा म्हणजे आमच्या हिवाळ्याचा कणा, तिथे तयार स्वेटरं स्वस्तात मिळतात. मग कोणीतरी विचारतंच, इतकं स्वस्त मिळतं तर विणायचं कशाला? पाठीला बाक आलेल्या आजोबांना तयार स्वेटर मागून आखूड होतो आणि पुढे लोंबतो. घरी विणताना पाठीला चार बोटं जास्त देता येतात. विणकाम शिकावं असं मला मनापासून वाटतं, ते ह्यासाठी.

जागा उजेडाची हवी. ट्यूबलाइटच्या हॉलपेक्षा दुपारची गच्ची कितीतरी चांगली, मात्र वारा अडवणारी एक भिंत असावी. वेळ बारा ते तीन ठेवावी, म्हणजे स्वयंपाक उरकून येता येतं. एका शिकवणारीला आठजणी पुरे. बारा घेतल्या तर कोपऱ्यातल्या दोघी अर्धा तास चुकीचं विणत बसतात आणि त्यांच्यापर्यंत कोणी पोचत नाही.

सामान बायकांना आणायला सांगू नये, आपणच आणावं आणि फीमध्ये धरावं. प्रत्येकीच्या हातात एकसारखी सुई आणि एकसारखी लोकर असली की चूक हाताची की सामानाची, हा प्रश्नच उरत नाही. दुकानात 8 नंबरच्या सुया मागाव्यात. आपल्याकडे जुनं ब्रिटिश माप चालतं, त्यात 8 नंबर म्हणजे 4 मिलीमीटर, आणि नंबर वाढेल तशी सुई बारीक होत जाते. 10 नंबरची 3.25 मिलीमीटर भरते. अमेरिकन माप ह्याच्या उलट, तिथली 8 नंबरची सुई 5 मिलीमीटरची असते. व्हिडिओ बघून आलेल्या मुली इथे हमखास गोंधळतात, म्हणून वर्गात मिलीमीटरमध्येच बोलावं.

महाराज बाड्याच्या, म्हणजे लष्करातल्या बाजारचौकाच्या, आसपास लुधियानाची लोकर सहज मिळते. लोकर म्हणून मिळणारा बराचसा धागा ॲक्रिलिकचा, म्हणजे कृत्रिम असतो. खात्री करायची तर एक टोक चिमट्यात धरून जाळून बघावं. खरी लोकर जळताना केस जळल्याचा वास येतो आणि राख बोटांत चुरते, ॲक्रिलिक वितळून त्याचा टणक मणी होतो. शिकायला ॲक्रिलिकच बरं, ते टोचत नाही आणि वारंवार उसवलं तरी टिकतं. फक्त त्यावर गरम इस्त्री फिरवू नका, हे आवर्जून सांगावं. रंग फिका घ्यावा, पिस्ता किंवा आकाशी. काळ्या लोकरीत आणि केसाळ लोकरीत टाका दिसत नाही, आणि आपल्याला तर टाकाच दाखवायचा आहे. सगळे गुंडे एकदमच घ्यावेत, लेबलावरचा लॉट नंबर पाहून. तोच रंग पुढच्या लॉटमध्ये किंचित वेगळा निघतो.

आता मुख्य भाग, शिकवण्याचा. बहुतेकजणी सुईवर टाके घालण्यापासून सुरुवात करतात. माझ्या मते तिथेच नवशिकीचा धीर खचतो, कारण टाके घालणं, म्हणजे रिकाम्या सुईवर पहिली ओळ चढवणं, हे सुलट हा साधा टाका विणण्यापेक्षा अवघड आहे. मी प्रत्येकीसाठी वीस टाके घालून, त्यावर चार ओळी विणून तयार ठेवते. तिच्या हातात येते ती चालू वीण, धरायला थोडं कापड असलेली. शनिवारी फक्त सुलट. येता-जाता दोन्ही ओळी सुलट. दोन ओळी मिळून एक उभार पट्टी उठते, तेव्हा दहा पट्ट्या झाल्या की वीस ओळी झाल्या, हे मोजायलाही तेव्हाच शिकवावं.

तासाभरात एक हाक ठरलेली असते.

“ताई, माझे टाके वाढतायत. वीसचे चोवीस झाले.”

“काकू, मोजू नका. ओळ उलटवून पहिला टाका दाखवा बघू.”

पाहिलं तर धागा सुईच्या वरून मागे ओढलेला असतो. त्याने खालच्या ओळीतला टाका वर खेचला जातो, त्याचे दोन्ही पाय सुईवर चढतात आणि एकाचे दोन दिसतात. काकू दोन्ही विणतात. प्रत्येक ओळीला असं झालं की चौकोनाचा त्रिकोण व्हायला लागतो. ओळ सुरू करताना धागा सुईच्या खाली, मागच्या बाजूला लोंबता ठेवायचा, इतकाच उपाय. टाके ओळीच्या मध्येच वाढत असतील आणि तिथे भोक दिसत असेल, तर धागा चुकून पुढे राहिला आहे. दोन्ही चुका त्यांच्याच सुईवर दाखवाव्या, दोन ओळी मुद्दाम तशाच विणायला लावाव्या. मग हात आपोआप सावध होतो.

शिकवताना समोर बसू नये, समोरून सगळं उलटं दिसतं. शेजारी बसावं किंवा खांद्यामागे उभं राहावं. डावखुऱ्या मुलीला आधी नेहमीच्याच पद्धतीने करून बघू द्यावं, विणताना दोन्ही हात राबतातच. नाहीच जमलं तर तिला मात्र समोर बसवावं, आरशात बघितल्यासारखं तिला उचलता येतं. मदतीला एखादी जुनी विणणारी मावशी असली तर फार छान, पण धागा बोटांवर धरायची तिची पद्धत वेगळी असेल तर पहिल्या दिवशी तिने हात दाखवू नये, फक्त चुका शोधाव्यात.

रविवारी उलट टाका. सुलट टाक्याचे दोन पाय खाली जुळलेले दिसतात, उलट टाक्याच्या गळ्याशी आडवी गाठ दिसते. एक ओळ सुलट, एक ओळ उलट अशी थोडी वीण झाली की मी प्रत्येकीला मधला एक टाका सुईवरून सोडायला लावते. कोणी नको नको म्हणतं, कोणी डोळे मिटतं. टाका चार ओळी खाली घसरू द्यायचा, शिडी पडते. मग क्रोशाची सुई सुलट बाजूने त्या टाक्यात घालायची आणि शिडीची एकेक पायरी त्यातून ओढत वर यायचं. हे प्रत्येकीने निदान तीनदा करावं. टाके घालणं आणि बंद करणं शेवटच्या तासाला, तोवर हात तयार झालेला असतो.

फुकट शिकवू नका. भाडं, चहा, सुया, लोकर आणि तुमचे दोन दिवस मांडून त्याला आठाने भागा, अर्धी फी आधी घ्या. सुया आणि उरलेली लोकर त्यांना घरी न्यायला द्या.

आणि पंधरा दिवसांनी तासभर पुन्हा बोलवा. येताना चुकलेलं उसवून आणू नका, जसं आहे तसं पिशवीत घालून आणा, असं रविवारीच सांगून ठेवा. उसवलेल्या लोकरीतून काय बिघडलं ते कळत नाही.