दाण्याचा केक, वर कॅरॅमल आणि चॉकलेट

खानदेशात दाण्याचं कूट नाही असं स्वयंपाकघर शोधूनही सापडायचं नाही. तरी डब्यातलं तयार कूट या केकला घालू नका. भाजीसाठी दाणे जरा जास्तच खरपूस भाजलेले असतात आणि कुटात सालाचे कण राहतात. शिवाय ते ज्या भांड्यात फिरतं त्यातच लसणाची चटणीही होते. भांडं कितीही घासा, झाकणाच्या रबरी रिंगमध्ये लसूण दडून बसतो आणि गरम केकचा पहिला वास त्याचाच येतो. रिंग काढून रात्रभर सोड्याच्या पाण्यात बुडवून ठेवा, नाहीतर वेगळं भांडं वापरा.

कच्चे दाणे २५० ग्रॅम घ्या. आधी निवडा. सुरकुतलेले, काळपट, बुरशीचा डाग असलेले दाणे फेकूनच द्या, त्यांच्या बुरशीचं विष भाजून पूर्ण जात नाही. मग एक दाणा चावून बघा. खवट लागला तर सगळी पिशवीच परत करा. साखर आणि चॉकलेट खवटपणा झाकत नाहीत. जाड बुडाच्या कढईत मंद आचेवर १२ ते १५ मिनिटं सतत हलवत भाजा. नव्या हंगामातल्या दाण्यांत ओल जास्त असते, त्यांना आणखी ३-४ मिनिटं लागतात. दाणा चिमटीत चोळल्यावर साल सुटून आत फिकट बदामी रंग दिसला की लगेच ताटात पसरा. कढईतच राहू दिले तर गॅस बंद असूनही ते करपत जातात. पूर्ण गार झाल्यावर सालं चोळून सुपात पाखडा, पंख्याखाली नको, अंगणात किंवा गच्चीवर.

या केकची सगळी मेख दाण्याच्या तेलात आहे. दाण्यात जवळपास निम्मं तेल असतं, म्हणून १०० ग्रॅम कूट घातलं की सुमारे ५० ग्रॅम तेल आपोआप आलं. साध्या केकइतकंच तेल वर ओतलं तर केक जड आणि तेलकट होतो, खाली कागदावर तेलाची कडा उमटते. दुसरं, मैद्यात पीठ धरून ठेवणारा चिकटपणा असतो, कुटात तो नसतो. त्यामुळे मैदा कमी करून कूट वाढवायचा मोह आवरा, असा केक कापताना भुगा होतो.

७ इंची गोल, ३ इंच उंच टिनसाठी मापं अशी: मैदा १५० ग्रॅम, दाण्याचं कूट १०० ग्रॅम, पिठीसाखर १५० ग्रॅम, घट्ट गोड दही २०० ग्रॅम, तेल ८० मिली, दूध ५० ते ६० मिली, बेकिंग पावडर १ सपाट छोटा चमचा, खायचा सोडा अर्धा छोटा चमचा, मीठ पाव छोटा चमचा. छोटा चमचा म्हणजे ५ मिलीचा. वाटीने मोजू नका; दोन घरच्या वाट्या कधी सारख्या नसतात. वजनकाटा नसेल तर किराणावाल्याकडून मैदा आणि साखर वेगवेगळ्या पुड्यांत तोलूनच आणा. तेल घाण्याचं शेंगदाणा तेल असेल तर इथे ते चालतंच, उलट दाण्याची चव वाढते. अंडी चालत असतील तर दह्याऐवजी ३ अंडी घ्या, सोडा काढून टाका आणि बेकिंग पावडर दीड चमचा करा. दह्याचा आंबटपणाच नसेल तर सोडा पूर्ण फुलत नाही, तोंडात साबणासारखा लागतो.

कूट करताना १०० ग्रॅम दाण्यांत मापातली दोन मोठे चमचे पिठीसाखर घाला आणि मिक्सर थांबून थांबून, दर वेळी दोन-तीन सेकंदच फिरवा. साखर सुटलेलं तेल शोषते. एकसलग फिरवलं की भांड्याच्या तळाशी लगदा जमतो, तो केकमध्ये गाठी करून बसतो. कूट जाड चाळणीतून चाळा. वर राहिलेले कण कॅरॅमलमध्ये टाका, केकमध्ये ते तळाशी बसतात.

ओव्हन १७० अंशांवर १५ मिनिटं आधी तापवा. टिनला तेल लावून तळाशी बटर पेपर घाला. दही आणि साखर फेटून विरघळवा, त्यात तेल घालून पुन्हा फेटा. मैदा, बेकिंग पावडर, सोडा, मीठ एकत्र चाळून त्यात कूट मिसळा आणि ओल्या मिश्रणात दोन भागांत घाला. कोरडं पीठ दिसेनासं झालं की थांबा, मग लागेल तसं दूध. पीठ पळीतून सलग पडलं पाहिजे, भज्यांच्या पिठासारखं गोळ्याने पडलं तर आणखी एक चमचा दूध घाला. सोडा मिसळल्यावर पीठ थांबवून ठेवू नका. उन्हाळ्यात दही तसंही दुपारपर्यंत आंबतं, तेव्हा सकाळी लावलेलं वापरा.

मधल्या जाळीवर ४० ते ४५ मिनिटं. पहिली ३० मिनिटं दार उघडायचं नाही. मध्ये खड्डा पडतो तो बहुतेक वेळा याच उतावीळपणामुळे, नाहीतर सोडा जास्त झाल्यामुळे. खेड्यात संध्याकाळी व्होल्टेज उतरलं की ओव्हन आकडा १७० दाखवतो आणि आत तेवढी धग नसते, म्हणून घड्याळापेक्षा सुरीवर विश्वास ठेवा. मध्यभागी खुपसलेली सुरी कोरडी निघाली की झालं. अर्ध्या तासानंतर वीज गेली तर दार बंदच ठेवा, उरलेल्या उष्णतेत केक बऱ्याचदा होतो. वीज त्याआधी गेली तर टिन सरळ तापलेल्या कुकरमध्ये हलवा. कुकरसाठी तळाशी जाड मीठ, वर स्टँड, शिट्टी आणि रिंग काढलेली, आधी १० मिनिटं मध्यम आच, मग मंद आचेवर ४५ ते ५५ मिनिटं. वरचा रंग कुकरमध्ये फिका राहतो, पण वर कॅरॅमल येणारच आहे.

केक टिनमध्ये १० मिनिटं ठेवून जाळीवर काढा. पूर्ण गार झाल्यावर वरचा फुगीर भाग दातेरी सुरीने सपाट करा, नाहीतर कॅरॅमल कडेने ओघळून जातं. कापलेला तुकडा कुणाला तरी लागतोच. टिन धुऊन कडेने बटर पेपरची, केकपेक्षा दोन बोटं उंच पट्टी लावा आणि केक परत आत बसवा.

आता कॅरॅमल. साखर १५० ग्रॅम, पाणी ३ मोठे चमचे, लोणी किंवा बटर ५० ग्रॅम, टेट्रापॅकचं क्रीम १०० मिली, लिंबाच्या रसाचे ३-४ थेंब, सोललेल्या दाण्यांच्या पाकळ्या १०० ग्रॅम. बटर खारं असेल तर वेगळं मीठ नको. घरची साय कितीही घोटली तरी गुठळ्या राहतात, इथे ती नकोच. क्रीम आधीच कोमट करून ठेवा.

संक्रांतीला चिक्की केली असेल त्याला पाकाची भीती नाही, फक्त थांबायची जागा वेगळी. साखर, पाणी आणि लिंबू मध्यम आचेवर ठेवा, साखर विरघळेपर्यंत ढवळा, उकळी आली की चमचा बाहेर. पुढे ढवळलं किंवा भांड्याच्या कडेचे साखरेचे कण पाकात पडले की पाक साखरतो. कड ओल्या ब्रशने पुसत राहा. साखरलाच तर अर्धी वाटी पाणी घालून पुन्हा विरघळवा, काही फुकट गेलेलं नाही. रंग आधी पिवळा होतो, मग गडद मधासारखा आणि मग पाहता पाहता काळा. मधाच्या रंगावर गॅस बंद करा. काळ्या पाकाचा कडवटपणा क्रीमने जात नाही. कोमट क्रीम हळूहळू, भांडं अंगापासून लांब धरून ओता, पाक जोरात फसफसून वर येतो, म्हणून पातेलं मोठंच हवं. क्रीम थंड असेल तर पाकाचा दगड होतो. झालाच तर मंद आचेवर पुन्हा विरघळू द्या.

बटर घालून मंद आचेवर ३-४ मिनिटं आटवा. आता वाटीभर थंड पाण्यात एक थेंब टाका. चिक्कीचा थेंब कट्ट करून मोडतो, हा मोडला तर पाक पुढे गेला, दोन चमचे दूध घालून ढिला करा. थेंब पाण्यात पसरला तर अजून आटवा. बोटांत मऊ गोळी वळली आणि दाबल्यावर चपटी झाली की बरोबर. थर्मामीटर असेल तर ११२ ते ११४ अंश. दाणे मिसळून लगेच केकवर ओता, उलथन्याला तेल लावून पसरवा आणि फ्रीजमध्ये तासभर ठेवा. कॅरॅमल गरम असताना चॉकलेट ओतलं तर ते घसरून खाली साचतं.

चॉकलेटसाठी डार्क चॉकलेट १२० ग्रॅम, क्रीम ७० मिली, बटर १ मोठा चमचा. क्रीम कडेला बुडबुडे येईपर्यंत तापवा, बारीक चिरलेल्या चॉकलेटवर ओता, दोन मिनिटं हात लावू नका, मग मधून बाहेर गोल ढवळा. नुसतं चॉकलेट डबल बॉयलरवर, म्हणजे गरम पाण्याच्या पातेल्यावर दुसरं भांडं ठेवून, वितळवत असाल तर त्यात पाण्याचा थेंबही जाऊ देऊ नका, रवाळ गोळा होतो. मिश्रण फुटून तेल सुटलं तर कोमट दूध चमचा-चमचा घालत फेटा. बोटाला कोमटसुद्धा लागेनासं झालं की मध्यभागी ओता, टिन हलवून पसरू द्या.

कोणतं चॉकलेट, हे महिना बघून ठरवा. कोको बटर ३२-३४ अंशांच्या आसपास वितळतं. मे महिन्यात भुसावळ-जळगावला पारा ४५ गाठतो, तेव्हा ओट्यावर ते जमायचं नावच घेत नाही. उन्हाळ्यात कंपाउंड चॉकलेट, म्हणजे कोको बटरऐवजी दुसरी वनस्पती चरबी घातलेलं, वापरा, चव थोडी मेणचट पण उभं राहतं. डिसेंबर-जानेवारीत खरं चॉकलेट आणा, तेव्हाच त्याचे पैसे वसूल होतात.

अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवून पट्टी सोडवा. सुरी गरम पाण्यात बुडवून, पुसून, प्रत्येक कापानंतर पुन्हा पुसून कापा. फ्रीजमध्ये झाकून ४-५ दिवस टिकतो. खायच्या आधी हिवाळ्यात अर्धा तास, उन्हाळ्यात १० मिनिटंच बाहेर काढा. पाहुण्यांत कुणाला दाण्याची ॲलर्जी आहे का, ते वाढण्याआधी विचारा. चॉकलेटच्या थराखाली दाणे दिसत नाहीत.