पॅनलचे स्क्रू आवळताना पेंटची वाट लावू नका, या चुका टाळा

भोसरीत इलेक्ट्रिक पॅनल असेंब्लीत बरीच वर्षं काढली, तरी दर नव्या पोराला तेच सांगावं लागतं. सगळ्यात डोक्यात जाणारी चूक म्हणजे स्प्रिंग वायसर डायरेक्ट पेंटवर. अरे, त्याची कापलेली टोकं धारदार असतात, आवळताना ती पेंटमध्ये रुततात आणि स्क्रूबरोबर फिरत गोल चर पाडतात. हा पेंट म्हणजे पावडर कोटिंग, ते असतं किती, ६० ते ८० मायक्रॉन, साध्या कागदापेक्षा पातळ. खाली प्लेन वायसर, वर स्प्रिंग वायसर, मग स्क्रूचं डोकं, एवढंच लक्षात ठेवायचंय.

एकदा डिस्पॅचच्या आदल्या रात्री एका पोराने घाईत इम्पॅक्ट ड्रायव्हर उचलला, त्याला ठरावीक जोराला थांबवणारा क्लच नसतो, आणि घडघडघड करत सगळी मागची कव्हर्स आवळून मोकळा. प्लेन वायसरची पुडी टेबलावर तशीच. सकाळी कस्टमरच्या इन्स्पेक्टरने एक स्क्रू काढायला लावला तर खाली चकचकीत पत्र्याची बांगडी, आणि पेंटचं साल वायसरला चिकटलेलं. टचअप मारला, डबा त्याच शेडचा, RAL ७०३५, म्हणजे पॅनलचा नेहमीचा फिका राखाडी, पण कोटिंग भट्टीत भाजलेलं आणि हा हवेत सुकलेला, लांबूनही ठिपके दिसायला लागले. शेवटी कव्हर्स परत कोटिंगला. दहा मिनिटं वाचवली, चार दिवस घालवले.

तेव्हापासून माझं ठरलेलं आहे, पहिले दोन-तीन आटे हाताने, मग ड्रिलचा क्लच कमीवर, शेवटचा अर्धा फेरा परत हाताने. हळू वाटतं, वाटू दे. नट-बोल्ट असेल तर डोकं पान्याने धरा आणि आतून नट फिरवा, पेंटची बाजू हलायलाच नको.

झिजलेला बिट फेका. तो घसरला की दारावर मिशी काढतो. फिलिप्सच्या स्क्रूला पोझीचा बिट (दिसायला दोन्ही अधिकच्या चिन्हासारखे, पण खाच वेगळी) लावणाऱ्यांशी मी बोलत नाही.

आट्यांत पावडर गेली असेल तर टॅप, म्हणजे आटे पाडायचं हत्यार, फिरवा, जोर नको.

आणि हे ऐकून अर्थिंगच्या बोल्टलाही नायलॉन वायसर घालणारे महाभाग भेटलेत! तिथे पेंट वाचवायचा नाहीये, धातूला धातू भिडायला हवा, म्हणून तिथला खरवडून पत्रा उघडा करा, दातेरी स्टार वायसर टाका, आवळून झालं की कडेने उघड्या राहिलेल्या पत्र्याला गंज धरू नये म्हणून टचअप लावा.