लग्नाच्या मिक्सिंग सेटवरून लाइव्ह करताय? या चुका टाळा

लग्नाच्या शूटिंगसाठी घेतलेले दोन-तीन कॅमेरे आणि व्हिडिओ मिक्सर (एका कॅमेऱ्यावरून दुसऱ्यावर नेणारं यंत्र) लाइव्हला पुरेसे असतात. तरी बरेच जण पहिला पैसा नव्या कॅमेऱ्यावर घालतात. माझं स्पष्ट मत आहे, तो आधी आवाजावर घाला. चित्र थोडं मऊ असलेलं चालतं, पण लग्न असो की कीर्तन, शब्द कळला नाही की माणूस ऐकायचं सोडतो.

कॅमेऱ्याच्या माइकवर भिस्त ठेवू नका. साउंडवाल्याकडून लाइन घ्या, पण मेन आउट (मंडपातल्या स्पीकरला जाणारा आवाज) नको, ऑक्स (वेगळं मिश्रण देणारं आउटपुट) मागा. मंडपात पखवाज तसाच ऐकू येतो, म्हणून साउंड मिक्सरवर त्याचा फेडर (आवाज कमी-जास्त करणारी पट्टी) खाली असतो. मेन आउट घेतलं तर लाइव्हमध्ये पखवाज जवळपास गायब होतो. ही लाइन कॅमेऱ्याच्या माइक इनपुटला लावली तर आवाज फाटतो, सेटिंग ‘लाइन’वर हवं. गुणगुण आली तर मधे आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर लावा. ओठ आणि आवाज जुळत नसतील तर बहुधा व्हिडिओ मिक्सर आणि कॅप्चर कार्डात (चित्र कॉम्प्युटरमध्ये घेणारं उपकरण) चित्र मागे पडलेलं असतं. कॅमेऱ्यासमोर टाळी वाजवून रेकॉर्ड करा, फ्रेम मोजा. 25 फ्रेमच्या व्हिडिओत एक फ्रेम म्हणजे 40 मिलिसेकंद. तेवढा उशीर ओबीएसमध्ये (लाइव्ह पाठवायचं सॉफ्टवेअर) आवाजाच्या सिंक ऑफसेटला भरा.

हात हलला की कडा कंगव्यासारख्या दिसतात? कॅमेरा 1080आय (एकाआड एक ओळींचं चित्र) देतोय. ओबीएसमध्ये सोर्सवर राइट क्लिक करून डीइंटरलेसिंग सुरू करा. सगळे कॅमेरे 50 हर्ट्झवर, शटर 1/50 वर ठेवा. एखादा 60 वर राहिला तर जुना मिक्सर त्याला ओळखतच नाही.

साधी एचडीएमआय केबल दहा-पंधरा मीटरपुढे दगा देते. लांबच्या कॅमेऱ्याला एसडीआय (लांब अंतरावर चालणारी व्हिडिओ केबल) ओढा. मिक्सर असेल तर त्याच्या प्रोग्रॅम आउटला (निवडलेलं अंतिम चित्र देणारं आउटपुट) एकच कॅप्चर कार्ड पुरतं. बॅटरीचं चिन्ह आणि फोकसची चौकट आउटपुटमधून काढायला विसरू नका, ऑटो पॉवर ऑफही बंद करा.

नेटची चाचणी रिकाम्या मंडपात घेऊन काही कळत नाही. पाहुणे जमले की त्याच टॉवरवर शेकडो फोन येतात. जमलं तर हॉलचं वायर्ड नेट घ्या, नाहीतर वेगळ्या कंपनीचं दुसरं सिम तयार ठेवा. अपलोड डळमळीत असेल तर 1080चा हट्ट सोडून 720वर या. यूट्यूबवर चॅनलचं पहिलं लाइव्ह सुरू व्हायला 24 तासांपर्यंत लागू शकतात, तेव्हा ती परवानगी हळदीच्या आधीच घेऊन ठेवा.