आजीच्या पेटीतली जुनी काच: खरं कट ग्लास कसं ओळखायचं

२०१९ च्या पुरात आमच्या सांगलीच्या गावभागातल्या घरात पाणी शिरलं तेव्हा खालचं बरंच गेलं, पण माळ्यावरची एक लाकडी पेटी वाचली आणि ती उघडल्यावर आजीच्या जुन्या लुगड्यांच्या तुकड्यांत गुंडाळलेली काच निघाली. दोन वाडगे, एक बुचाची बाटली, झुंबराचे नऊ लोलक. आत्या बघताक्षणी म्हणली, "अरे हे सगळं बेल्जियम आहे, जपून धर!" आपल्याकडं जुन्या काचेला सरसकट बेल्जियम म्हणायची पद्धतच आहे, पण त्यावरनं काहीच कळत नाही. त्यानंतर मी सातारा, वाई, मिरजेच्या नातेवाईकांकडची बरीच काच हाताळली, आता जे येतं ते सांगतो.

आधी धुवा. पण टबात खाली टॉवेल अंथरून, कोमट पाण्यात, रिठ्यानं किंवा साध्या सौम्य साबणानं, आणि एका वेळी एकच वस्तू. गरम पाणी अजिबात नको, जाड काच एकदम तापली की तडकते. राख नको, घासणी नको. बोअरच्या पाण्याचा पांढरा थर असेल तर पांढऱ्या व्हिनेगरनं सुटतो. ओली असताना स्वच्छ दिसते आणि वाळली की परत धुरकट होते, व्हिनेगरनंही जात नाही, अशी काच असेल तर ती आतनंच खराब झालीय, कितीही घासली तरी जाणार नाही. विकत घेताना कोणी ओली काच दाखवली तर पुसून वाळवून बघा.

आता मुख्य गोष्ट, डोळे मिटा आणि बोटं फिरवा. खरंच सांगतो, डोळे फसतात, बोटं सहसा फसत नाहीत. कट ग्लास म्हणजे आधी जाड साधं भांडं बनवायचं आणि मग फिरत्या चाकावर एकेक खाच हातानं कोरायची, आधी लोखंडी चाक आणि वाळू, मग दगडी चाक, शेवटी लाकडी चाकावर पॉलिश. म्हणून तिथल्या कडा बोटाला टोचतात, शंकरपाळ्यांसारखी जी नक्षी असते तिचं प्रत्येक टोक वेगळं लागतं. साच्यात दाबलेल्या काचेच्या कडा मऊ असतात, वितळलेल्या खडीसाखरेसारख्या, आणि बाजूनं साच्याच्या जोडाची बारीक उभी रेघ सापडते. ही दाबकाच अमेरिकेत १८२० च्या दशकात मशीनवर व्हायला लागली आणि स्वस्त म्हणून सगळीकडं पोचली, त्यामुळं घरात बहुतेक हीच निघते. आमच्या दोनातला एक वाडगा तसाच निघाला. एक खाचखळगा मात्र लक्षात ठेवा, काही कारखान्यांत नक्षी आधी साच्यात पाडून मग फक्त कडा चाकावर धारदार करायचे, म्हणून भिंगातनं खाचेच्या तळापर्यंत बघा. हातकामात चांदणीची टोकं एकमेकांशी अगदी तंतोतंत कधीच जुळत नाहीत, कुठंतरी एक रेघ जरा पुढं गेलेली असते, आणि मला तीच बघायला सगळ्यात जास्त आवडते.

मग आवाज. वाडगा तळहातावर नको, बोटांच्या टोकांवर धरा आणि काठाला नखानं हळू टिचकी द्या. शिशाची काच घंटेसारखी वाजते आणि नाद लांबत जातो, साधी काच टक करून गप्प बसते. शिसं घालायची ही रीत इंग्लंडमध्ये जॉर्ज रेव्हन्सक्रॉफ्टनं बसवली, १६७४ मध्ये त्यानं पेटंट घेतलं, शिशानं काच जड होते, कोरायला सोपी जाते आणि उजेडाचे रंग फोडते. लोलक उन्हात धरला की भिंतीवर छोटी छोटी इंद्रधनुष्यं पडतात, साध्या काचेचीपण पडतात, पण शिशाच्या काचेची जास्त ठळक असतात. अरुंद तोंडाच्या बाटलीला हा नाद येत नाही, त्यामुळं लगेच निराश होऊ नका. नवीन क्रिस्टलपण वाजतं, म्हणून नुसत्या नादावरनं वय सांगू नका.

वयासाठी तळ बघा. खूप वर्षं टेबलावर सरकलेल्या भांड्याच्या तळाला बारीक ओरखडे सगळ्या दिशांना असतात, आणि तेही जिथं तळ टेकतो तिथंच. एकाच दिशेनं सरळ ओरखडे असतील तर कोणीतरी पॉलिश पेपर फिरवलाय. काठ बोटाला उगाच सपाट लागला तर तुटलेला काठ घासून बसवलेला असू शकतो.

कंपनीचा शिक्का काचेवर फार पुसट असतो, त्यावर तोंडाची वाफ सोडा आणि तिरक्या उजेडात धरा. 'चेकोस्लोव्हाकिया' लिहिलेलं असेल तर ती १९१८ नंतरची, कारण देशच तेव्हा झाला. झुंबरावर ऑस्लर नाव दिसलं तर नीट बघा, बर्मिंगहॅमच्या या कंपनीनं १८५१ च्या लंडनच्या प्रदर्शनात २७ फूट उंच काचेचं कारंजं उभं केलं होतं आणि कोलकात्यात तिचं दुकान होतं. शिक्का नसला म्हणून वस्तू कमी ठरत नाही, पुष्कळ जुन्या कामावर नसतोच. प्रभाकर कंदिलाची काच निघाली तर ती कट ग्लास नाही, पण कराडजवळच्या ओगलेवाडीच्या जुन्या काच कारखान्याची आहे, टाकू नका.

शिशाच्या काचेच्या भांड्यात लोणचं, लिंबाचं सरबत, आमसुलाचं पाणी काही ठेवू नका हं, आंबट पदार्थात शिसं उतरतं. आणि परदेशातल्या भाच्याला द्यायची असेल तर १०० वर्षांपेक्षा जुनी वस्तू १९७२ च्या कायद्यानुसार खाजगीरीत्या देशाबाहेर नेता येत नाही, बॅगेत घालण्याआधी पुरातत्त्व खात्यात विचारा.

बुचाच्या बाटलीचं एक राहिलं. गळ्याशी आणि बुचाच्या खालच्या टोकाला आकडा कोरलाय का बघा, जोडी चुकू नये म्हणून करायचे. आमच्या बाटलीवर ७ आहे, बुचावरपण ७. आत्याला दाखवलं तर तिला आठवलं की पणजोबा मिरजेला रेल्वेत होते आणि त्यांच्या साहेबानं बदली होताना ही बाटली दिली होती. हे आजवर घरात कोणाला माहीतच नव्हतं, मी तिथंच तिच्यासमोर चिठ्ठीवर लिहून घेतलं आणि ती चिठ्ठी आता बाटलीखालीच असते.